मावशी टिकत नाहीत, मालक म्हणतात पोरी आळशी!

सिस्टर_पुणे: एका वृद्धाश्रमात नर्सिंग बघते. मूळचा दुमजली बंगला, त्याचाच आश्रम केलाय. आजी-आजोबांची सेवा करणाऱ्या मावशी दोन-तीन महिन्यांत सोडून जातात. मला विचाराल तर निम्मा दोष इमारतीचा. पलंग घरगुती, लाकडी, गुडघ्याएवढे. शिवाय भिंतीला चिकटवलेले. दर दोन तासांनी कूस बदलायची, पण भिंतीकडून हात लावायला कुणी उभंच राहू शकत नाही. मग एकटी मावशी वाकून आजींना ओढते. कंबर राहील कशी? त्यात अंथरुणाला खिळलेले वर आणि धुण्याची जागा खाली. रात्रपाळीला ओल्या चादरींची बादली घेऊन जिना. डबाही त्याच जिन्यावर बसून खातात. ट्रस्टींकडे पैसा बेताचा. आधी काय मागू?

आर्किटेक्ट_नाशिक: पलंग भिंतीपासून सोडवा, फुकटात होतं. पायांखाली पक्के ठोकळे लावून उंची वाढवा, पण फक्त जे स्वतः उठत नाहीत त्यांच्याच पलंगाला. बाथरूमचं दार आत उघडत असेल तर बाहेर उघडणारं करून घ्या. माणूस आत पडला की दार त्याच्याच अंगाने अडतं. केंद्राच्या 2021 च्या सुगम्यता (अपंग-वृद्धांना सहज वावरता यावं म्हणूनच्या) सूचनांत दाराची मोकळी रुंदी 900 मिमी आहे, ट्रस्टींना तो आकडा दाखवा.

हिशेबनीस: पलंग सोडवले की खोलीत चाराचे तीन होणार. ट्रस्टी काय म्हणतील ते आत्ताच सांगतो.

मेलबर्नकर: मी इथे ऑस्ट्रेलियात एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या सेवाकेंद्रात आहे. ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला सरासरी 215 मिनिटं सेवा द्यावी लागते, त्यातली 44 नोंदणीकृत नर्सची. आमच्याकडे माणसाला उचलायला होइस्ट (उचलयंत्र) आहे, पण कॉरिडॉर एवढे लांब की चादर-ग्लोव्हज आणण्यातच जीव जातो. ताई, प्रत्येक खोलीत डायपर, ग्लोव्हज, चादरींचं छोटं कपाट मागा. पाय वाचतात.

सिस्टर_पुणे: कपाट लगेच मागते. आणि हिशेबनीस दादा, खाली सगळ्यात मोठी, हवेशीर खोली कुणाची माहितीये? ऑफिसची! देणगीदारांच्या पाट्या, सोफा, आणि शेजारीच धुण्याची जागा. ऑफिस वर न्या, खिळलेल्यांना तिथे आणा, मग एकही पलंग कमी होत नाही. रात्रीची जिन्याची वारीही संपेल. वरची एक कोपऱ्यातली खोली ऑफिसला पुरे, तिथेच पडदा लावून मावशींना डबा खायला, पाठ टेकायला जागा. सोफ्यावरून भांडण होणार, होऊ दे.

हिशेबनीस: आधी मोजमाप घेऊन जा. नुसतं बोललात तर चहा पाजून परत पाठवतील.