पेंग्विनची चोच निळी! ड्रायव्हरमध्ये नवा पिक्सेल फॉरमॅट घालावा का?

चोचवाला: जुन्या टॅब्लेटवर लिनक्स चढवतोय. बूटलोडर (सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) स्क्रीन चालू करून फ्रेमबफरचा, म्हणजे चित्राच्या मेमरीचा, पत्ता देतो, पुढचं सिंपलएफबी हा कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) साधा स्क्रीन-ड्रायव्हर बघतो. चित्र येतं, पण बूटच्या वेळी दिसणाऱ्या लिनक्सच्या पेंग्विनची पिवळी चोच निळसर. लाल-निळ्याची अदलाबदल. डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) मी एक्स८आर८जी८बी८ लिहिलेलं: आर लाल, जी हिरवा, बी निळा, आकडा म्हणजे बिट, सगळ्यात खालचा शेवटी. हे हार्डवेअर लाल सगळ्यात खालच्या बाइटमधून उचलतं. हवा तो एक्स८बी८जी८आर८ माझ्या जुन्या कर्नलच्या यादीत नाही. एका ओळीचं काम: ३२ बिट, लाल ० पासून, हिरवा ८ पासून, निळा १६ पासून, प्रत्येकी ८ बिट. घालावी, असं माझं मत.

स्ट्राइड५१२०: नको. २०१३ मध्ये ३.१० कर्नलात हा ड्रायव्हर आला तेव्हा यादीत एकटा आर५जी६बी५ होता. नावातच 'सिंपल' आहे, प्रत्येक बोर्डाचे लाड कशाला? डिव्हाइस ट्रीतलं नाव एकदा बाहेर पडलं की ते जन्मभर सांभाळावं लागतं. यादीत ए८बी८जी८आर८ आहे ना? रंग त्याच जागी, फरक फक्त वरच्या बाइटचा: 'एक्स' म्हणजे तो बिनकामाचा, 'ए' म्हणजे त्यात अल्फा, म्हणजे पारदर्शकता. ते लिही आणि झोप.

चोचवाला: लिहून पाहिलं, चोच पिवळी झाली. पण ते खोटं आहे. हार्डवेअरला अल्फा नाहीच, मग आहे असं का सांगायचं?

पायवाट: बूटलोडरच बदला की.

चोचवाला: कुलूपबंद आहे हो. नाहीतर इथे कशाला आलो असतो.

रात्रपाळी: त्या वरच्या बाइटला कमी लेखू नका. माझ्या बोर्डावर उलटं झालं होतं. हार्डवेअर अल्फा वाचत होतं आणि मी 'एक्स' लिहून बसलो. वरचा बाइट शून्य, म्हणजे प्रत्येक पिक्सेल आरपार. सिरीयल केबलवर बूटचे संदेश धडाधड येतायत आणि स्क्रीन काळीकुट्ट! दोन रात्री बॅकलाइट आणि रेग्युलेटर तपासण्यात घालवल्या. 'ए' केल्यावर ड्रायव्हर तो बाइट भरून टाकतो, अक्षरं लगेच उमटली. म्हणून सांगतो, दोन्ही नावं हवीत. ओळ घाला.

स्ट्राइड५१२०: अरे, हे तर माझ्याच बाजूचं झालं! हार्डवेअर अल्फा वाचत असेल तर 'ए' लागतोच, वाचत नसेल तर तो बाइट पडून राहतो. 'एक्स' चुकला की रात्री जातात, 'ए' चुकला तर कुणाला कळतही नाही.

रात्रपाळी: हं. हे मात्र सुचलं नव्हतं.

चोचवाला: कन्सोलपुरतं, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनपुरतं, मान्य. पण ही यादी एकट्या सिंपलएफबीची नाही. २०२१ मध्ये, ५.१४ पासून आलेला सिंपलडीआरएम हा नवा स्क्रीन-ड्रायव्हरही तीच वाचतो. तिथे वरच्या प्रोग्रामकडून एक्सआरजीबी८८८८ (म्हणजे एक्स८आर८जी८बी८च) येतं आणि ड्रायव्हर ते हार्डवेअरच्या फॉरमॅटमध्ये बदलतो. नसलेला अल्फा तिथेही मिरवायचा?

स्ट्राइड५१२०: बाइट उलटे करायचेच आहेत, त्यात वरच्या बाइटमध्ये २५५ (पूर्ण अपारदर्शक) लिहिल्याने काय बिघडतं? शिवाय तिथे नुसती ओळ पुरत नाही, ते रूपांतर करणारा कोडही लागतो.

चोचवाला: तोही लिहीन. सध्या 'ए' ठेवतो, पॅच (कोडमधला बदल) मात्र पाठवणार.

स्ट्राइड५१२०: पाठव. कुठल्या पॅनेलवर तपासलंस ते कमिटमध्ये (बदलासोबतच्या टिपणात) लिही, आणि चोचीचा फोटो आधी इथे टाक.