‘हिरवं रक्त’ म्हणता येईल का?

प्रश्न (सातवीच्या वर्गशिक्षिका, सोलापूर):
शाळेच्या विज्ञान भित्तिपत्रकासाठी ‘स्टार ट्रेक’मधल्या स्पॉकवर चार ओळी करतेय. ही अमेरिकी विज्ञानकथा मालिका १९६६ सालची. स्पॉकचे वडील व्हल्कन ग्रहावरचे, आई पृथ्वीवरची, आणि रक्त हिरवं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं. संस्कृतचे सर म्हणाले, “मॅडम, रक्त म्हणजेच लाल. हिरवं लाल असतंय का कुठं?” मग रुधिर लिहू का? आणि मुळात हे विज्ञानात बसतं का?

प्रतिसाद:
सरांचं बरोबर आहे, पण रुधिर घेऊन सुटका नाही. रक्त हे ‘रञ्ज्’ धातूवरून आलं: रंगलेलं, आणि मग लाल. रक्तचंदन, आरक्त ही त्याचीच भावंडं. रुधिर म्हणजेही तांबडं. शोणितातला ‘शोण’ तांबडा, लोहितही तांबडं. जिकडे जाल तिकडे लालच! रंगाशी देणंघेणं नसलेला ‘असृक्’ आहे, पण तो सातवीच्या भिंतीवर लावलात तर मुलं स्पॉकऐवजी त्याचाच अर्थ विचारत बसतील.

माझं मत, बिनधास्त ‘हिरवं रक्त’ लिहा. तेल हा शब्द तिळावरून आला, म्हणून करडईचं तेल म्हणायचं आपण थांबलो का?

प्रतिसाद:
आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू. आम्ही ‘नेत्तुरु’ म्हणतो, शेजारचे कन्नड लोक ‘नेत्तरु’. लाल म्हणजे आमच्याकडे ‘एरुपु’, त्यांच्याकडे ‘केंपु’. रक्ताच्या शब्दात लाल कुठं ऐकूच येत नाही. स्पॉक सोलापुरात आला तर त्यानं साखर पेठेत उतरावं, भाषेची अडचण यायची नाही.

प्रतिसाद:
शब्दाचं मिटलं असेल तर विज्ञानाकडे येतो, कारण खरी गोची तिथे आहे.

तांब्याचं रक्त ही थाप नाही. खेकडा, कोळंबी, गोगलगाय, ऑक्टोपस यांच्या शरीरात प्राणवायू वाहून नेतं ते हिमोसायनिन. त्यात तांब्याचे दोन अणू मिळून प्राणवायूचा एक रेणू धरतात. पण त्याचा रंग निळा! तोही प्राणवायू धरलेला असताना. सोडला की रंग जातो. घरी खेकडे आणले तर मुलांना दाखवा. नांगी मोडली की पाण्यासारखा पातळ द्रव येतो आणि हवेवर जरा राहिला की त्याला निळसर झाक चढते. लाल काही दिसत नाही म्हणून पुष्कळांना वाटतं, खेकड्याला रक्तच नसतं.

मग हिरवा कुठून आला? लेखकांच्या डोळ्यापुढे बहुधा तांब्याच्या भांड्यावरचा कळंक असावा. तो हिरवा असतो खरा, पण रक्तातलं तांबं प्रथिनात बांधलेलं असतं, ते असं कळकत नाही.

गंमत म्हणजे हिरव्या रक्ताचे प्राणी पृथ्वीवर आहेत, आणि त्यांचं रक्त लोहाचंच आहे. न्यू गिनी बेटावरच्या काही सापसुरळ्यांचं रक्त, स्नायू, हाडं, जीभ सगळं हिरवट असतं. हिमोग्लोबिन मोडलं की त्यातून बिलीव्हर्डिन नावाचं हिरवं द्रव्य निघतं. आपलं शरीर ते लगेच पुढे बदलून बाहेर टाकतं. या सापसुरळ्या ते इतकं साठवतात की तेवढं माणसात साठलं तर तो जगणार नाही. मुका मार लागल्यावर काळंनिळं पडतं, मग हिरवट होतं आणि शेवटी पिवळं. त्यातला हिरवट टप्पा याच बिलीव्हर्डिनचा. म्हणजे स्पॉकला लोहाचं रक्त दिलं असतं तरी हिरवा रंग मिळाला असता.

आणखी एक. हिमोसायनिन बऱ्याच प्राण्यांना थंड, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात उपयोगी पडतं. वजनामागे ते हिमोग्लोबिनपेक्षा कमी प्राणवायू वाहतं. व्हल्कन ग्रह मालिकेत रखरखीत आणि विरळ हवेचा दाखवलाय. विरळ हवेचं एक वेळ जमेल, पण मे महिन्यातल्या सोलापूरसारख्या उन्हात धावपळ करणाऱ्या, मोठ्या मेंदूच्या प्राण्याला ते पुरेल असं मला वाटत नाही.

पहिल्या प्रतिसादातले:
तांब्यावरून एक आठवलं. संस्कृतात ‘लोह’चा जुना अर्थ तांबडा, तांबडा धातू, म्हणजे तांबंच. लोखंड हा अर्थ नंतरचा. तेव्हा स्पॉकचं रक्त जुन्या अर्थानं ‘लोहयुक्त’ ठरतं आणि आपलं नव्या अर्थानं. सरांना सांगून बघा, खूश होतील.

शिक्षिका:
सांगितलं. दुपारची सुट्टी त्यातच गेली. आता आई-वडील दोन ग्रहांचे, तर त्याला ‘संकरित’ म्हणू का?

प्रतिसाद:
नको हो मॅडम. मालदांडी ज्वारीच्या मुलखात संकरित म्हटलं की बियाण्याची पिशवी डोळ्यापुढं येते.

विज्ञानवाले:
आणि विज्ञानात सगळ्यात न पटणारं तेच आहे. घोडा आणि गाढव जवळचे नातलग. एकाची गुणसूत्रं ६४, दुसऱ्याची ६२, खेचराची ६३, आणि खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत. इथे तर ग्रहच वेगळे! ऑक्टोपसचं आणि आपलं पृथ्वीवरचं मूळ तरी एक आहे. म्हणजे स्पॉकच्या आईला स्पॉकच्या वडिलांपेक्षा ऑक्टोपस जवळचा. ‘आई मानव, वडील व्हल्कन’ एवढंच लिहा.

शिक्षिका:
अशी ओळ करते: “स्पॉकचं रक्त हिरवं दाखवलंय, कारण त्यात तांबं आहे, पण खऱ्या प्राण्यांत तांब्याचं रक्त निळं असतं आणि हिरवं रक्त लोहाचं.”

संस्कृतचे सर (मॅडमच्या फोनवरून):
वाक्य ठीक. भित्तिपत्रकावर ‘तांबे’ लिहा, ‘निळे’ आणि ‘हिरवे’ पण. सहामाही जवळ आलीय, पोरं तसंच उतरवतात.