शब्दचर्चा : ‘माझी कृपा तुला पुरे’ यातलं ‘पुरे’ कोणतं?

प्रश्न (दारव्हा तालुका) : २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आमच्या वावरातली पऱ्हाटी गेली. त्या हिवाळ्यात घरच्या प्रार्थनेत पाळकांनी बायबलातलं २ करिंथ १२:९ (प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं दुसरं पत्र) वाचलं. आमच्या आईच्या कानात ते ‘माझी कृपा तुला पुरे’ असंच बसलेलं. ती हळूच म्हणाली, “मंजे देव म्हंते, पुरे झालं आता, मांगू नोको?” कोणालाच उत्तर सुचलं नाही. आपल्याकडं वाढणाऱ्याला ‘पुरे’ म्हणतात नि हट्ट करणाऱ्या पोरालाही ‘पुरे’च म्हणतात. इथं कोणतं धरायचं?

उत्तर : तुमच्या आईंनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मूळ ग्रीकमध्ये तिथं ‘आर्केइ’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ ‘पुरते’. तोंड मिटायला लावणारं ‘पुरे’ ते नव्हे. हेच क्रियापद योहान ६:७ मध्ये आहे : एवढी गर्दी बघून येशूचा शिष्य फिलिप म्हणतो, दोनशे दिनारांच्या भाकरीही पुरणार नाहीत. मत्तय २५:९ मध्येही तेच, येशूच्या दाखल्यातल्या शहाण्या कुमारी म्हणतात की तेल आपल्याला नि तुम्हाला पुरायचं नाही. म्हणजे शब्द भाकरीचा नि दिव्यातल्या तेलाचा आहे, आणि त्या दोन्ही ठिकाणी ‘पुरत नाही’ म्हणून आलाय. पौलाला मात्र ‘पुरते’ असं सांगितलं जातं. काळही वर्तमान आहे. पीक आल्यावर पुरेल असं नाही, आज पुरते.

पण आईंचं ऐकणं निम्मं बरोबरही आहे, ते झाकू नये. पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवणी केली, त्यावर हे उत्तर मिळालं, आणि काटा निघाल्याचं तो कुठंच सांगत नाही. तो काटा कसला होता, हेही सांगत नाही. मागणं नाकारलं गेलं, मागणारा नाकारला गेला नाही. माझ्या घरी दोन वर्षं आजारपण होतं, तेव्हा हा फरक मला फार जवळचा झाला. कुणी येऊन ‘कृपा आहे ना, मग रडता कशाला’ म्हणालं की वचनाचा अर्थच उलटा होतो. पुढचं वाक्य, अशक्तपणातच माझी शक्ती पूर्ण होते, हे अशक्तपणाचंच आहे, तो लपवायला सांगणारं नाही.

अचलपूरहून : एक भर. आमच्याकडं उन्हाळ्यात जवारी सरत आली की बाया ‘पुरवून पुरवून’ खाऊ घालतात. तिथं पुरवणारी बाई असते, तिच्याच जिवाला घोर. या वाक्यात कर्ता ‘कृपा’ आहे. ती पुरते, आपण पुरवायची नाही. मला तर सगळा दिलासा त्या कर्त्यातच वाटतो.

नागपूरहून : हिंदी बायबलात इथं ‘अनुग्रह’ आहे. आमच्या मंडळीत दोन्ही भाषा चालतात, म्हणून कोणी मराठीतही तोच शब्द घेतो. पण मराठीत ‘अनुग्रह’ म्हटलं की गुरूकडून घेतलेला अनुग्रह आठवतो. ‘कृपा’च बरा. ‘दया’ वेगळी : १ तीमथ्य १:२ मध्ये कृपा, दया नि शांती असे तीन शब्द शेजारीशेजारी आहेत.

प्रश्नकर्ती : रात्री आईला वाचून दाखवलं. फिलिपाच्या भाकरीपाशी तिनं थांबवलं. म्हणाली, “मंग त्या दिवशी पुरल्या होत्या ना?” येशूनं त्या गर्दीला जेवू घातल्यावर बारा टोपल्या उरल्याचं तिला पाठ आहे. मग काट्याचं विचारलं, आणि मी तसंच सांगितलं, की निघाला असं लिहिलेलं नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. आज सकाळी प्रार्थनेत तिनं पुन्हा पावसाचं मागितलं.