उजव्या लेनमध्ये ४५ ने चालणाऱ्यांचं करायचं काय? (मुंबई-आग्रा महामार्ग, पेठ रोड, समृद्धी)

आडगावनाका_रोज

नाशिकजवळ ओझर ते आडगाव, रस्ता मोकळा, आणि सगळ्यात उजव्या लेनमध्ये ४५-५० ने चाललेली एक कार. तिच्या डावीकडे तेवढ्याच वेगाचा ट्रक. मागे रांग. डिपर दिला तर ढिम्म, हॉर्न दिला तर खिडकीतून हात बाहेर, "जा ना बाजूने." पेठ रोडला शहर सोडलं की दुभाजक नाही, तिथे तर एका पिकअपमागे दहा गाड्या अडकतात आणि मग अकरावा वळणावर घुसतो.

तीन गोष्टी नेमक्या कळायला हव्यात. कायद्यात किमान वेग असा काही प्रकार आहे का? असा माणूस हलत नसेल तर डावीकडून काढणं कितपत बरोबर? आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ओव्हरटेकला खरंच किती मोकळा रस्ता लागतो? "संयम ठेवा" सोडून काहीही सांगा.

कलम_११२

आधी कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२. त्यात राज्य सरकारला एखाद्या रस्त्यापुरती कमाल तशीच किमान वेगमर्यादा ठरवायचा अधिकार आहे. म्हणजे तरतूद आहे, पण अधिसूचना काढून पाटी लावल्याशिवाय ती लागू होत नाही. पाटी ओळखायला सोपी: लाल कडेच्या गोलातला आकडा कमाल वेगाचा, निळ्या गोलातला पांढरा आकडा किमान वेगाचा. निळी पाटी नसेल तर किमान वेग मोडला म्हणून कुणाला पकडता येत नाही.

कमाल वेगाचं कोष्टक केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत आहे. कारसाठी एक्सप्रेसवेवर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून मोठ्या रस्त्यावर १००, बाकी रस्त्यांवर ७०. मालवाहू गाड्यांना पहिल्या दोन्ही ठिकाणी ८०, बाकी ६०. रिक्षाला ५०. हे वरचे आकडे आहेत. स्थानिक पाटीवर कमी आकडा असेल तर पाटी चालते.

आता तुमच्या कामाचं. मुद्दा हळू चालण्यापेक्षा जागा अडवण्याचा आहे. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या विनियमांप्रमाणे डावीकडे राहायचं, ओव्हरटेक उजवीकडून करायचा, आणि आपल्याला कुणी ओव्हरटेक करत असेल तेव्हा वेग वाढवायचा नाही. हे विनियम मोडले तर कलम १७७ क खाली ५०० ते १००० रुपये दंड आहे. तो किती जणांना लागतो, हे विचारू नका.

डावीकडून काढायला पुढचा उजवीकडे वळत असल्याचा इशारा देत असेल तर मुभा आहे. "तो हलतच नाही" ही मुभा नाही. शिवाय नियमापेक्षा मोठं कारण वेगळं आहे. तुम्ही डिपर देता, दहा सेकंद तो हलत नाही, तुम्ही डावीकडे शिरता, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला जाग येऊन तोही डावीकडे येतो. निम्म्या गाड्यांचा डावा आरसा मिटलेला असतो, त्यामुळे तुम्ही त्याला दिसलेलेच नसता.

मखमलाबादकर

घरातून दहा मिनिटं आधी निघा. प्रश्न संपला.

आडगावनाका_रोज

हिशोब करा ना. २० किमीला ८० ने १५ मिनिटं, ५० ने २४ मिनिटं. नऊ मिनिटांसाठी कुणी भांडत नाही. त्रास आहे तो मागच्या रांगेत चालणाऱ्या घुसाघुशीचा.

टर्मिनलवाला

ट्रकवाल्यांच्या बाजूने बोलतो, कारण निम्मे लोक चुकीच्या माणसावर चिडतात.

मालवाहू गाडीला वेग नियंत्रक असतो. साध्या ट्रकला ८०, टँकर आणि डंपरला ६०. पानेवाडीच्या डेपोतून पेट्रोल-डिझेल भरून मनमाड-चांदवडमार्गे नाशिककडे येणारा टँकर ६० च्या वर जाऊच शकत नाही, पाय पूर्ण दाबला तरी. त्याच्या मागे डिपर मारून उपयोग शून्य.

दोन ट्रक शेजारी-शेजारी किलोमीटरभर का चालतात, तेही ऐका. दोघांना ८० चाच नियंत्रक, पण एकाचे टायर झिजलेले म्हणून तो प्रत्यक्षात ७८ ने चालतो. फरक ताशी २ किमी, म्हणजे सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर. दोन्ही गाड्यांची लांबी आणि पुढचं-मागचं अंतर धरून ६० मीटर पुढे सरकायचं असेल तर १०८ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात रस्ता जातो जवळपास २.४ किमी. मागच्याला वाटतं मुद्दाम करतोय. खरं तर त्याने हा ओव्हरटेक सुरूच करायला नको होता, आणि केला तर बाजूच्या ७८ वाल्याने ७० वर यायला हवं. त्याने पाय थोडा उचलला तर हेच काम २२ सेकंदांत होतं. कुणी उचलत नाही, ही खरी बोंब.

ट्रक डावी लेन का सोडतात? जड वाहतूक तिच्यावरूनच जाते, म्हणून चाकोऱ्या आणि खड्डे तिच्यातच आधी पडतात. भरलेली गाडी चाकोरीत झोलते. त्यात ढाब्यासमोर उभ्या गाड्या, उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी, सर्व्हिस रोडवरून न बघता वर येणारे. २५ टन घेऊन थांबलं की पुन्हा वेग पकडायला आठ गिअर आणि बरंच डिझेल जातं. म्हणून चालक सलग चालता येईल ती लेन धरतो. कारण समजण्यासारखं आहे, पण मधली लेन असताना उजवी धरणं चूकच.

घाटाचा नियम वेगळा. कसारा घाटात किंवा चांदवडजवळ राहुड घाटात भरलेला ट्रक चढाला १५-२० वर येतो, तो इंजिनाचा नाइलाज असतो. उतारालाही त्याने खालच्या गिअरमध्येच उतरायला हवं. वरच्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलवर सोडून नुसते ब्रेक दाबत राहिला तर ड्रम तापतात आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक लागेनासे होतात. घाट हळू उतरणारा ट्रक शहाणा आहे, त्याला हॉर्न देऊन घाई करायला लावू नका. चढाला त्याच्या मागे थांबावं लागलं तर त्याची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं तरी अंतर ठेवा. गिअर बदलताना तो हातभर मागे येऊ शकतो.

सावळघाट

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देतो, कारण यात अंदाज हमखास चुकतो.

समोर ५५ ने चाललेली पिकअप. तुम्ही ७५ ने काढणार. तिच्या मागे २५ मीटरवरून सुरुवात आणि तिच्या पुढे २५ मीटर गेल्यावर परत डावीकडे. दोन्ही गाड्यांची लांबी धरून साधारण ६० मीटर. वेगातला फरक ताशी २० किमी, म्हणजे सेकंदाला ५.५ मीटर. वेळ ११ सेकंद. तेवढ्यात तुम्ही २३० मीटर जाता. समोरून येणाराही ७५ ने असेल तर तोही २३० मीटर येतो. म्हणजे बाहेर पडताना किमान ४६० मीटर मोकळा रस्ता *दिसायला* हवा. वर थोडं राखीव धरा, अर्धा किलोमीटर म्हणा. पेठ रोडला सावळघाट, कोटंबी घाट या भागात एवढा सरळ तुकडा मिळत नाही. तिथे ओव्हरटेक हा विषयच काढू नये.

आता तीच पिकअप तुम्ही ६५ ने काढायला गेलात तर फरक ताशी १० चा, वेळ दुप्पट, रस्ता जवळपास ८०० मीटर. "जपून, हळूहळू ओव्हरटेक करतो" म्हणणारे म्हणून जास्त धोक्यात असतात. आणि ओव्हरटेक सुरू झाल्यावर पिकअपवाल्याने ५५ चे ६५ केले तरी हेच होतं. तसं दिसलं की ब्रेक लावून मागे या, ईर्षेला पेटू नका.

पद्धत: अगदी चिकटून चालू नका, समोरचं काहीच दिसत नाही. दोन-तीन सेकंदांचं अंतर ठेवा (६० ला ३५ ते ५० मीटर). खालचा गिअर आधीच टाका, बाहेर पडल्यावर नाही. एक डिपर, उजवा इंडिकेटर, मग बाहेर. पुढच्याच्या इंडिकेटरवर विश्वास नको: कुणी डावा देऊन "जा" म्हणतो, कुणी उजवा देऊन "जा" म्हणतो, आणि कुणी उजवा देऊन खरंच उजवीकडे वळतो. त्याचं पुढचं चाक बघा. गाडी वळायच्या आधी चाक वळलेलं दिसतं.

आपण दुसऱ्या क्रमांकावर असू तर पहिल्याच्या पाठोपाठ बाहेर पडू नये. त्याला दिसलेला मोकळा रस्ता त्याच्यापुरता असतो.

निफाडचा_गडी

ट्रॅक्टर राहिले. कांद्याच्या हंगामात लासलगाव, पिंपळगाव, चांदवडच्या बाजार समित्यांकडे पहाटेपासून ट्रॉल्या निघतात, वेग २०-२५. लिलावाला नंबर लावायचा असतो, त्यामुळे तुमच्यासाठी कुणी उशिरा निघणार नाही.

चालकाला हॉर्न ऐकू जात नाही, इंजिनाचा आवाज कानाशी असतो. आरसा बहुतेकदा नसतोच, आणि असला तरी भरलेल्या ट्रॉलीमुळे मागचं दिसत नाही. ट्रॉलीला ब्रेकलाइट आणि इंडिकेटरची वायर जोडलेली असेलच असं नाही. म्हणून सगळ्यात वाईट जागा म्हणजे शिवाररस्त्याचं तोंड. तिथे तो इशारा न देता उजवीकडे वळतो आणि तुम्ही नेमके त्याच्या बगलेत असता. डाव्या-उजव्या बाजूला कच्चा रस्ता दिसत असेल तर ते तोंड ओलांडू द्या, मग काढा.

अंधारात ८० ने चाललेल्या कारच्या पुढे २० ने चाललेली ट्रॉली असेल तर फरक ताशी ६० चा. डिपर लाइटमध्ये ती ५० मीटरवर दिसली तर हातात तीन सेकंद. ट्रॅक्टरवाल्या भावांनो, मागच्या फळीवर लाल आणि बाजूंना पिवळी रिफ्लेक्टर पट्टी लावा. चिखल-मातीने ती आठवड्यात झाकली जाते, निघताना फडकं मारा.

आडगावनाका_रोज

ट्रक-ट्रॅक्टरचं पटलं. पण माझा मूळ राग कारवाल्यांवर आहे. त्यांना ना नियंत्रक, ना २५ टन.

कलम_११२

त्यांची कारणं ठराविक. पहिलं मोबाइल: वेग ६०-४५-६० असा वरखाली होत असेल आणि गाडी लेनमध्ये डोलत असेल तर माणूस स्क्रीनवर आहे. त्याला डिपर देऊन दचकवू नका, आधी अंतर वाढवा. दुसरं, स्पीडोमीटर. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये असा नियम असल्याने कंपन्या तो थोडा जास्तच दाखवतील असा ठेवतात. काट्यावर ८० असताना जीपीएसवर ७५-७६ येणं नेहमीचं. तिसरं, डावीकडच्या दुचाकींची भीती. अशांना उजवी लेन 'सुरक्षित' वाटते, कारण एका बाजूला दुभाजक असतो. प्रत्यक्षात सगळ्यात वेगवान गाड्या मागून तिथेच येतात.

समृद्धीवर हे आणखी ठळक दिसतं. कारला सपाटीवर १२०, घाटात १००. टायर जुने आहेत म्हणून कुणी ८० ने चालवत असेल तर उत्तमच, पण डाव्या लेनमध्ये. १२० आणि ८० मधला फरक सेकंदाला ११ मीटर, १०० मीटरचं अंतर ९ सेकंदांत संपतं. भरवीर किंवा गोंद्याहून चढणाऱ्यांनी रॅम्पवरच वेग घ्यावा. ५० ने मुख्य रस्त्यावर येऊन तिरकं थेट उजव्या लेनला जाणं हा तिथला सगळ्यात वाईट प्रकार.

मागे अडकलात तर एकदाच डिपर, उजवा इंडिकेटर चालू, आणि तीन सेकंदांचं अंतर. चिकटलात की तो घाबरून आणखी हळू होतो. मिनिटभरात हलला नाही तर मधल्या लेनमध्ये या आणि तिथल्या रांगेच्या वेगाने चाला.

टर्मिनलवाला

एक भर. लेनमध्ये गाडी बंद पडलेली किंवा बिनलाइटची उभी दिसली तर राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ ला फोन. किलोमीटरचा दगड आणि दिशा सांगा, "ओझरच्या पुढे" म्हटलं की दोन्ही बाजू शोधत बसतात.