प्रति: रविवारच्या एका तासासाठी वर्षाची फी भरावी का?

वर्धेकडच्या भाऊंनी विचारलंय, रायफल नेमबाजीच्या खासगी क्लबात लांब पल्ल्यासाठी रविवारी एकच तास मिळतो, तेवढ्यासाठी वर्षाची फी भरावी का. आधी एवढं विचारा की तास मोजतात कुठून? रजिस्टरवर सही केल्यापासून, की पहिल्या गोळीपासून? लांब पल्ल्यावर कागदी टार्गेट बदलायला एक माणूस पुढे गेला की गोळ्या झाडणाऱ्यांची सगळी लाईन थांबते. रायफली रिकाम्या, बोल्ट (गोळी भरायचा मागचा दांडा) उघडे, कुणी हात लावायचा नाही. ३०० मीटर जाऊन-येऊन दहा मिनिटं सहज जातात, अन् असं दोनदा झालं तर तुमच्या तासात उरलं काय?

दुसरं, एप्रिल-मेत दहानंतरचा स्लॉट फुकट दिला तरी घेऊ नका जी. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, टार्गेट असतं त्यापेक्षा सरकलेलं दिसतं. पहाटेचे स्लॉट जुने मेंबर धरून बसतात, खरी गोम तिथंच आहे. ते आळीपाळीनं वाटत असतील तर भरा पैसे, नाहीतर राहू द्या.

तोवर ५० मीटरवर हात बसवा. स्वप्नील कुसळेनं २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य घेतलं ते याच अंतरावर.