जेजुरीचे जुने फोटो परत एडिट करतेय, पिवळ्याचं काय करू?

भंडारा_आणि_लेन्स:
नमस्कार मंडळी. सोमवती अमावस्येला जेजुरीत काढलेले फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) पडून होते, ते आता लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक उघडून बघतेय. एका फ्रेममध्ये देवळासमोरच्या पितळी कासवापाशी गर्दी, वरून भंडारा उधळलाय आणि मधोमध एक आजोबा पालखीकडे हात करून उभे आहेत. फोटो माझा फार लाडका. पण आता बघितलं तर पिवळा नुसता सपाट, रंगाचा डबा सांडल्यासारखा, आणि नजर आजोबांवर जातच नाही. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, कमी केलं की सोन्याची जेजुरी पार फिकी पडते, वाढवलं की चट्टा दिसतो. मला हा एक फोटो सुधारायचाय असं नाही, मला कळून घ्यायचंय की तेव्हा मी नक्की काय बघत होते. एडिटिंगमधून असं शिकता येतं का?

कऱ्हाकाठ:
येतं की ताई! आधी पिवळ्याचं बघू. फोटोतला रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलमध्ये (आरजीबी) असतो, आणि हळदीचा पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा चॅनल भरलेला, निळा जवळजवळ रिकामा. उन्हात लाल सगळ्यात आधी क्लिप होतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन त्यातले बारकावे पुसले जातात, आणि कॅमेऱ्यावर नुसता ब्राइटनेसचा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) लावला असेल तर तो पत्ताच लागू देत नाही, आरजीबीचा लावायचा. तुमच्याकडे रॉ आहे हे बरंय, जेपेगमध्ये चॅनलला २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४, त्यामुळे एक्स्पोजर खाली ओढलं तर भंडाऱ्याचे कण बऱ्यापैकी परत दिसायला लागतील. मग सॅच्युरेशनला हात न लावता फक्त पिवळ्याचा ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, कमी करा. आणि एक व्हर्च्युअल कॉपी (मूळ फाइल तशीच ठेवून केलेली दुसरी आवृत्ती) काढून ती ब्लॅक अँड व्हाइट करा, कुठला रंग किती उजळ दिसावा ते ठरवणाऱ्या मिक्सरमध्ये पिवळा खाली, नारिंगी वर. त्वचा बरीचशी नारिंगीत येते. रंग गेल्यावर फोटोत काय उरतं ते बघा आणि इथे सांगा.

सावलीतला_माणूस:
जेजुरी काळीपांढरी करायची हे मला मनापासून पटत नाही, भंडाऱ्याशिवाय कसली जेजुरी! पण अभ्यासाला म्हणून ठीक. मी अजून एक सुचवतो, त्या दिवसाचे सगळे फोटो मनासारखे क्रॉप करा आणि मग ग्रिडमध्ये मूळ फ्रेमशेजारी लावून बघा, दर वेळी एकाच बाजूचं कापलं जातंय का, दर वेळी माणसाच्या जवळच जावंसं वाटतंय का. तसं असेल तर स्लायडर जाऊ द्या, पुढच्या वेळी दोन पावलं पुढे सरकायचं. मेटाडेटा फिल्टरमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीवरून फोटो निवडायच्या सोयीत) फोकल लेन्थ, म्हणजे लेन्स किती झूम होती, ती लावून बघा, आवडलेले फोटो कुठल्या लेन्थवर जमा होतात तेही दिसेल. आणि जुना फोटो परत एडिट करण्यात गैर काहीच नाही हो, ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन फोटोग्राफरने न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझचा चंद्रोदय १९४१ मध्ये टिपला आणि त्याच निगेटिव्हवरून पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिला, नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश जवळजवळ काळं केलंय.

भंडारा_आणि_लेन्स:
दोन्ही करून बघितलं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये पिवळा खाली ओढला तर आजोबांचा चेहराच काळा पडला, कारण तोसुद्धा भंडाऱ्याने माखलेला! उजळ राहिलं ते पांढरं धोतर आणि वर केलेला हात, मनगटापासून वर भंडारा लागलेलाच नाही. म्हणजे एवढे दिवस मी चेहऱ्याचा फोटो समजत होते, खरा फोटो त्या हाताचा आहे. मग रंगीत कॉपीत फक्त हातावर मास्क लावून (तेवढाच भाग निवडून) थोडा उजळ केला, मागची गर्दी अर्ध्या स्टॉपने खाली घेतली, म्हणजे जराशी काळोखी केली, पिवळा आहे तसाच ठेवला, तरी नजर सरळ तिथेच जाते. आणि क्रॉपचं अगदी बरोबर निघालं, जवळपास सगळीकडे मी उजवीकडची दीपमाळ कापतेय.

कऱ्हाकाठ:
वा ताई, हे फार छान सापडलं. पण दीपमाळ कापायच्या आधी एक कॉपी तिच्यासकट ठेवा, हात नेमका त्याच दिशेला असेल तर ती लागेल. दोन्ही कॉप्या इथे टाका, बघू.