शब्दचर्चा : अमेरिकेचा 'सेक्रेटरी' मराठीत मंत्री की सचिव?

पऱ्हाटी :
आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं पंधरवड्याचं पत्रक निघतं, हिंगणघाट-समुद्रपूर भागातल्या सभासदांना वाटतो. ट्रम्प यांनी दुसऱ्या कारकिर्दीत कोणाला कुठल्या पदावर बसवलं आणि त्याचे धागे आपल्या कापसापर्यंत कसे येतात, असा एक इंग्रजी मजकूर मराठीत करायला घेतला आणि पहिल्याच ओळीत अडलो.

मार्को रुबिओ हे 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'. वर्तमानपत्रं 'परराष्ट्रमंत्री' लिहितात, म्हणून मीही तेच लिहिलं. आमच्या गावच्या निवृत्त गुरुजींनी मसुद्यात 'मंत्री'खाली लाल रेघ मारली. त्यांचं म्हणणं असं : मंत्री तो, जो सभागृहात बसतो आणि सभागृहाला जबाब देतो. अमेरिकेत कायदेमंडळाचं सदस्य राहून हे पद घेताच येत नाही. रुबिओंना जानेवारी 2025 मध्ये सिनेटची जागा सोडावी लागली, तेव्हा कुठे शपथ घेता आली. मग मंत्री कसला? 'सचिव' लिहा.

'सचिव' लिहावं तर आपले परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री आहेत, ते सनदी अधिकारी. एकाच परिच्छेदात जयशंकर मंत्री, मिस्री सचिव आणि रुबिओही सचिव असं आलं, तर रुबिओ मिस्रींच्या बरोबरीचे ठरतात. आणि गावात सचिव म्हणजे सोसायटीचा गटसचिव, पीककर्जाची वही ज्याच्याकडे असते तो.

'नॉमिनी'लाही शब्द हवा. नाव जाहीर झालंय पण सिनेटची मंजुरी बाकी आहे, असा माणूस. जाणकारांनी सांगावं.

अकोट फाटा :
राजेहो, एवढं काऊन अवघड करता? सरळ 'विदेशमंत्री' लिवा. आमच्याकडे पारावर बसलेल्या कोनालेबी इचारा, त्याले विदेशमंत्री समजते. टीव्हीवर रोज तेच आयकतो आम्ही.

शुद्धमती :
टीव्हीवर ऐकता ते हिंदी. मराठीत 'परराष्ट्रमंत्री' हा घडवलेला, रुळलेला शब्द असताना तो का सोडायचा? आणि हिंदीत जी सोय नाही ती मराठीनं करून ठेवली आहे, हे लक्षात घ्या. हिंदीत द्रौपदी मुर्मूही राष्ट्रपती आणि ट्रम्पही राष्ट्रपती. मराठीत आपल्या त्या राष्ट्रपती, अमेरिकेचे ते राष्ट्राध्यक्ष. एक पद घटनात्मक प्रमुखाचं, दुसरं स्वतः कारभार हाकणाऱ्याचं, हा फरक शब्दातच आला. 'सेक्रेटरी'च्या बाबतीतही असाच वेगळा शब्द काढता येईल. आळस नको.

अकोट फाटा :
काढा मंग. लोकायच्या तोंडी बसला तं मी बी वापरीन.

मोडीवाचक :
नवा काढायची गरज नाही, जुना आहे. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत मंत्री आणि सचिव दोघेही होते, आणि परराष्ट्र व्यवहार या दोघांपैकी एकाकडेही नव्हता. मंत्री म्हणजे वाकनीस, दत्ताजी त्रिंबक. सचिव म्हणजे सुरनीस, अण्णाजी दत्तो; पत्रं तपासून त्यांवर संमत घालणारे. परराज्यांशी बोलणी, वकिलांचा मानपान, हे काम सुमंतांचं. फारसीत डबीर. 1674 च्या राज्याभिषेकावेळी रामचंद्र त्रिंबक त्या जागी होते. रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला तो फारसी शब्दांना आपले शब्द द्यायलाच. तेव्हा रुबिओ म्हणजे 'सुमंत'. काटेकोर अर्थ लावला तर हेच येतं.

आणि राजदूताला आपला शब्द 'वकील'. नागपूरकर भोसल्यांचे वकील पुण्यात असत, पुण्याचे नागपुरात. वकील म्हणजे धन्याच्या वतीनं बोलणारा. पुढे कोर्टकचेरीनं तो शब्द पळवला आणि आपण संस्कृतातून 'राजदूत' आणला. राजा नसलेल्या देशाचा राजदूत, यात कोणालाच काही खटकत नाही?

झाडीपट्टी :
आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे राजदूत म्हटलं की जुन्या लोकांना मोटारसायकल आठवते. माझे मामाजी दूध घालायला त्याच गाडीवर जायचे. पण अमेरिकेचा राजदूत दिल्लीत आला असं रेडिओवर ऐकलं तर त्यांना बरोबर कळायचं. संदर्भ असला की लोक शब्द लावून घेतात. 'सुमंत' मात्र कोणी लावून घेणार नाही, ते आडनाव वाटेल.

निवृत्त नाझर :
या चर्चेत विदर्भाचा वेगळा इतिहास सगळे विसरताहेत. 1956 पर्यंत आपण जुन्या मध्य प्रांतात, म्हणजे पुढच्या मध्य प्रदेशात होतो. राजधानी नागपूर, राजभाषा हिंदी आणि मराठी दोन्ही. त्या काळात डॉ. रघुवीर नागपुरात बसून कारभाराचे शब्द घडवत होते. 'प्रभारी', 'मनोनीत' असे शब्द आमच्या कचेरीत मराठी म्हणूनच वावरले. आज कोणी पुण्याहून येऊन त्यांना हिंदी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. आमच्या वडिलांच्या हातच्या टिपणांत हे शब्द आहेत. 'नॉमिनी'ला 'मनोनीत' लिहा, अर्थ चोख आहे.

दुसरी गोष्ट. मुंबईत 'सचिवालय' होतं, 1975 मध्ये त्याचं 'मंत्रालय' झालं. इमारत तीच, फाईल तीच. राज्य सचिवांचं नसून लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांचं आहे, हे पाटीवर दिसावं म्हणून नाव बदललं. म्हणजे मराठी मनात मंत्री निवडून आलेला आणि सचिव नेमलेला, हा अर्थ पक्का आहे. गुरुजींचं म्हणणं त्या दृष्टीनं खरं आहे. रुबिओ नेमलेले आहेत.

शुद्धमती :
'मनोनीत' कोणाच्या वडिलांनी लिहिला यावर तो मराठी ठरत नाही. मराठीत 'नामनिर्देशित' आहे.

पऱ्हाटी :
'नामनिर्देशित' लिहून पाहिलं. आमच्या सभासदांना नामनिर्देशन म्हणजे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा अर्ज. एका काकांनी विचारलं, मग मतदान कधी आहे? आणि 'नॉमिनी' तसाच ठेवला तर बँकेच्या पासबुकावरचा वारस.

झाडीपट्टी :
'नियोजित' का नको? नियोजित संमेलनाध्यक्ष म्हणतो, नियोजित वधू म्हणतो. ठरलंय, पण व्हायचंय.

मोडीवाचक :
'नियोजित'मध्ये होणारच असा भाव आहे, तिथेच घोटाळा होतो. एलिस स्टेफानिक संयुक्त राष्ट्रांतल्या नियोजित राजदूत होत्या. त्या प्रतिनिधीगृहाच्या सदस्य, आणि तिथे पक्षाचं बहुमत काठावरचं, म्हणून मार्च 2025 मध्ये ट्रम्प यांनी त्यांचं नाव मागे घेतलं. भारताचंच घ्या. बायडेन यांनी एरिक गार्सेटी यांचं नाव जुलै 2021 मध्ये पाठवलं आणि सिनेटची मंजुरी आली मार्च 2023 मध्ये. तोवर दिल्लीत प्रभारींवरच काम चाललं. या मधल्या काळातल्या गार्सेटींना काय म्हणणार? ते नेमले गेले नव्हते, निवडले गेले नव्हते, नुसते सुचवलेले होते. 'सुचवलेले' हाच शब्द प्रामाणिक आहे.

अकोट फाटा :
आमच्याकडे 'त्याचं नाव चालू हाये' म्हंतात. सभापतीपदासाठी याचं नाव चालू हाये. झालं तं झालं.

पऱ्हाटी :
हे बोलीत छान आहे, पण छापताना 'नाव चालू असलेले राजदूत' कसं लिहू?

मूळ मुद्द्याकडे येऊ द्या, कारण माझी अडचण पदाच्या वजनाची आहे. जेमिसन ग्रीर हे अमेरिकेचे 'ट्रेड रिप्रेझेंटेटिव्ह'. सगळे 'व्यापार प्रतिनिधी' लिहितात. आमच्या भागात प्रतिनिधी म्हणजे बियाणं-औषधाच्या कंपनीचा, बांधावर येऊन पत्रकं वाटणारा मुलगा. आणि भारताशी व्यापार कराराची बोलणी चालवणारं कार्यालय याच ग्रीर यांचं आहे! पद मंत्रिमंडळाच्या दर्जाचं. वाचणारा म्हणेल, प्रतिनिधीशी काय बोलता, मालकाशी बोला. हॉवर्ड लटनिक 'कॉमर्स सेक्रेटरी'. त्यांना 'वाणिज्य सचिव' लिहिलं आणि ग्रीरना 'प्रतिनिधी', तर आपले वाणिज्यमंत्री पियूष गोयल कोणाशी बोलत होते हेच कास्तकाराला कळत नाही. आणि त्याला कळायला तर हवं. ऑगस्ट 2025 मध्ये भारताच्या मालावर आधी 25 टक्के आणि 27 तारखेपासून रशियन तेलाच्या नावानं आणखी 25 टक्के शुल्क बसलं. तिरुपूरचे कपडे तिकडे जाणं अडलं की सूतगिरणीची मागणी घटते, आणि ते जिनिंगच्या फाटकावर भावात दिसतं.

निवृत्त नाझर :
ग्रीर यांना 'व्यापार वाटाघाटी प्रमुख' लिहा. शब्दाला शब्द ठेवण्यापेक्षा कामाला शब्द द्या. आम्ही कोर्टात तेच करत होतो.

शुद्धमती :
म्हणजे मूळ पदनाम सोडून स्वतःचं घालायचं? उद्या प्रत्येक जण वेगळं घालील. वाचक दोन ठिकाणी दोन नावं वाचून त्यांना दोन माणसं समजेल. मराठीत आधीच परिभाषेची अशी दैना आहे. भाषा संचालनालयाचे पदनाम कोश कशासाठी आहेत?

निवृत्त नाझर :
कोश कचेरीसाठी आहेत. पत्रक वावरात वाचलं जाणार आहे.

सावळी बुद्रुक :
मी ग्रामपंचायतीत काम करते. 'प्रभारी'चा विषय निघाला म्हणून लिहिते. माईक वॉल्ट्झ राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होते, मे 2025 मध्ये त्यांना हलवलं आणि ते कामही रुबिओंकडे दिलं. एकाच माणसाकडे ही दोन्ही पदं याआधी फक्त हेन्री किसिंजर यांच्याकडे होती, 1973 ते 1975. त्या वेळी रुबिओंकडे परदेशी मदतीच्या संस्थेचा आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचाही भार होता. वर्तमानपत्रात 'अतिरिक्त कार्यभार' आलं. आमच्याकडे याला 'चार्ज' म्हणतात. आमच्या ग्रामसेवकांकडे, म्हणजे आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, शेजारच्या गावांचाही चार्ज आहे. 'चार्ज' म्हटलं की गावकऱ्याला लगेच कळतं : हा माणूस इथला पूर्ण वेळ नाही, याला गाठायचं तर दुसऱ्या गावाला जावं लागेल. 'कार्यभार' शब्दातून ते कळत नाही, तो नुसता मानाचा वाटतो. चार खात्यांचा चार्ज असलेल्याला भारतासाठी वेळ किती, हा परराष्ट्र धोरणाचाच प्रश्न आहे.

शुद्धमती :
ताई, मुद्दा चांगला आहे, पण 'चार्ज' इंग्रजी आहे. 'भार' म्हणा.

सावळी बुद्रुक :
भार म्हटलं की वजन. चार्ज आमच्या आजीच्याही तोंडात होता. पोलीस पाटलाचा चार्ज, शाळेचा चार्ज. तो आता आमचा आहे.

मोडीवाचक :
आणखी एक नेमणूक बघा. सर्जिओ गोर यांचं नाव 22 ऑगस्ट 2025 ला भारतातले राजदूत म्हणून जाहीर झालं, आणि त्यांनाच दक्षिण व मध्य आशियाचे विशेष दूतही केलं. यात भारतासाठी काय खटकण्याजोगं आहे हे 'विशेष दूत' या शब्दात येत नाही. 2009 मध्ये रिचर्ड होलब्रूक यांना असंच विशेष प्रतिनिधी नेमलं, तेव्हा त्यांच्या कक्षेत भारत येऊ नये म्हणून दिल्लीनं आटापिटा केला होता. शेवटी ते अफगाणिस्तान आणि पाकिस्तानपुरतेच राहिले. भारताला असं पाकिस्तानशी जोडूनच बघण्याला इंग्रजीत दोन नावांमधल्या जोडरेघेवरून शब्द आहे, 'हायफनेशन'. मराठीत काय म्हणाल?

निवृत्त नाझर :
'नत्थी'. भारताला पाकिस्तानशी नत्थी करणं. कागदाला कागद नत्थी केला की दोन्हींचा निकाल एकत्र लागतो, वेगळा मागता येत नाही. यापेक्षा अचूक शब्द मिळायचा नाही.

शुद्धमती :
'नत्थी' उत्तम आहे. हिंदीतही आहे तो, तरी उत्तम आहे.

अकोट फाटा :
बाप्पा! एका शब्दावर तरी एकमत झालं. पन पऱ्हाटी भाऊ, तुमच्या पत्रकात शुल्काबद्दल काय लिवलं? त्याच्यावरून आमच्याकडे लय गोंधळ झाला होता.

पऱ्हाटी :
बरं झालं विचारलं. 19 ऑगस्ट 2025 पासून केंद्रानं कच्च्या कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क उठवलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत वाढवलं. मी 'कापसावरील आयातशुल्क माफ' असं लिहिलं आहे.

अकोट फाटा :
हेच तं! 'कापसावरचं शुल्क माफ' असा मेसेज फिरला आन् आमच्या गावात लोक खुश झाले. माफी म्हटलं की कास्तकाराले कर्जमाफी आठवते. आपल्याले काहीतरी सुटलं असं वाटते. आन् झालं उलटं, बाहेरची गठाण सस्ती झाली आन् आमचा कापूस बाजारात आला तवा व्यापारी हमीभावाच्या खाली मागू लागला. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलले 8110 रुपये होता त्या हंगामात. ज्याले 'माफ' समजलं त्यानं सीसीआयच्या, म्हंजे हमीभावानं कापूस घेनाऱ्या सरकारी महामंडळाच्या, नोंदणीची घाई केली नाई. तिथं बी ॲपचं नाव 'कपास किसान'. कापूस म्हना ना.

शुद्धमती :
'शुल्कमाफी' व्याकरणानं चूक नाही. माफी शुल्काला आहे, शेतकऱ्याला नाही.

सावळी बुद्रुक :
व्याकरणानं चूक नसेल, पण कोणाला माफ केलं ते त्यात नाही. 'परदेशी कापसाला माफी' असं लिहा.

झाडीपट्टी :
किंवा 'सूट'. परदेशी कापसाला करात सूट.

अकोट फाटा :
सूट म्हंजे कृषी केंद्रातली, दहा टक्के सूट. ते बी गोडच वाटते आयकाले.

मोडीवाचक :
जुना शब्द 'जकात'. 'परदेशी कापसावरची जकात उठवली'. उठवली म्हटलं की बांध फुटल्यासारखं ऐकू येतं, आणि झालंही तसंच.

निवृत्त नाझर :
आमच्याकडे जकात कोण म्हणतं? चुंगी. आमच्या गावच्या वेशीवर चुंगी नाका होता, मी स्वतः पावत्या पाहिल्या आहेत.

मोडीवाचक :
चुंगी शहराच्या वेशीवरची, जुनी जकात त्याहून व्यापक. दोन्ही एक नव्हेत.

निवृत्त नाझर :
वऱ्हाड निजामाच्या अमलाखाली असतानाचे कागद काढून दाखवा, मग बोलू.

पऱ्हाटी :
मंडळी, पत्रक सोमवारी छापायला जातंय. रुबिओ अजून लटकलेच आहेत. मंत्री की सचिव?